हलणाऱ्या घराचा पत्ता

१३ जानेवारी १९९८, मंगळवार

नापास! आणि तेही माझ्यामुळे.

टाउन ऑफिसचे नेमोतो-सान आज मोजायची टेप आणि फाइल घेऊन आले. यंदापासून ट्रेलर-घरांच्या जागेला परवाना लागणार – दोन घरांत अंतर किती, नळ किती, आग विझवायचं सामान कुठे, सगळं बघून. मालकीण ओनो-साननी फी कधीच भरून टाकलीय. जागा त्यांची, सहाही ट्रेलर त्यांचे, आम्ही आपले चार नंबरचे भाडेकरू. बाकीचे पाच झटक्यात पास झाले. आमच्या दारातल्या ओट्यापाशी मात्र नेमोतो-सान थांबले. बुटाने ठोकून पाहिलं.

"हा जमिनीत पक्का आहे. घर केव्हाही हलवता आलं पाहिजे. हलत नाही म्हणजे ही गाडी नाही, इमारत झाली. इमारतीला इथे परवानगी नाही."

दिवाळीत मीच प्रसन्नच्या मागे लागून तो बांधून घेतला होता. दारात रांगोळीला हातभर जागा नको? दोन पोती सिमेंट गेलं. तेव्हा ओनो-सानच "किरेई, किती सुंदर!" म्हणत बघत उभ्या होत्या.

चार नंबर अडला म्हणजे सगळी जागा अडली. परवाना नाही तर आमचा पत्ता नोंदवता येत नाही. पत्ता नाही तर ओजसचं नाव शाळेच्या यादीत जात नाही, आणि यादी महिनाअखेर बंद! एप्रिलमध्ये पहिलीत जायचं पोर. माझ्या मोडक्या जपानीत दोनदा सांगितलं मी हे. ऐकून घेतलं, कमरेत वाकले, गेले. खडूस मेला!

१४ जानेवारी

संक्रांत. तीळ मिळाले, गूळ कुठला? काळ्या साखरेचे लाडू केले, ते दगड झाले. तेच घेऊन ओनो-सानकडे माफी मागायला गेले. नवरा गेल्यापासून ही जागाच त्यांचं सगळं काही. रागावतील असं वाटलं होतं. लाडू गालात धरून म्हणाल्या, "शोगानाई, आता काय करणार! माझ्याकडे मोठा हातोडा आहे."

१७ जानेवारी, शनिवार

बर्फ खरवडून ओटा फोडला. प्रसन्नने आठ घाव घातले आणि त्याला लॅबमधलं काम आठवलं! उरलेला मी फोडला. रडत फोडला, खोटं कशाला लिहू.

मागच्या वर्षी प्रसन्नच्या लॅबच्या गेस्ट हाउसची मुदत संपली, तेव्हा अकरा घरमालकांनी परदेशी माणसं नकोत म्हणून गोड शब्दांत वाटेला लावलं होतं. ओनो-साननी एकच विचारलं – "मूल आहे ना? बरं झालं, कुणाचा आवाज तरी येईल." अशा बाईचं मी नुकसान करायला निघाले.

२५ जानेवारी

प्रसन्न म्हणतो, नाहीच जमलं तर तू आणि ओजस पुण्याला जा, माझं इथलं काम वर्षभराचंच तर उरलंय. म्हटलं, खबरदार! पुन्हा बोलायचं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

फेरतपासणी. नेमोतो-सान म्हणाले, "हलवून दाखवा."

ओनो-सान डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वतः ट्रॅक्टरवर चढल्या. सत्तराव्या वर्षी! मी गॅस बंद केला, देव टोपलीत घेतले आणि उतरले. चाकं रुतलेली. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, काही नाही. तिसऱ्यांदा कर्रर्र झालं – आणि घर चाललं! चांगलं तीन मीटर! ओजस बाजूने धावत "उगोइता! आई, उगोइता! हललं!" आत लोणच्याची बरणी फुटल्याचा आवाज आला. फुटू दे!

नेमोतो-साननी सगळं मोजलं, लिहिलं. हसले मात्र नाहीत. परवाना कधी, विचारलं तर "पुढच्या आठवड्यात." आणि उद्या महिनाअखेर!

४ फेब्रुवारी

पास! ओनो-साननी परवाना जागेवरच्या आपल्या ऑफिसच्या खिडकीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवतायत. लेक पास झाल्यासारखा आनंद.

मी मात्र अर्धीच खूश. यादी बंद झाली. उद्या जाऊन हातापाया पडणार, दुसरं काय! झोपेपर्यंत जपानी वाक्यं घोकत होते.

५ फेब्रुवारी

टाउन ऑफिसात शाळांच्या खिडकीवर गेले. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तिथल्या बाईंनी यादी उघडून माझ्यापुढे सरकवली. ओजसचं नाव होतं. पुढे पत्ता – ओनो-सानची जागा, ट्रेलर नंबर चार. शिफारस: नेमोतो. तारीख: १३ जानेवारी.