मावशीच्या हातचा भात

आई,

मावशी गेली. तुला हे माझ्या आधी कळलं असेल, तरी मला सांगायचंय. दुपारी जेवून ती नातसुनेबरोबर ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा तिच्या लेकीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात माणसं, गोठ्यापाशी माणसं, रस्त्यापर्यंत माणसं. आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला बायकांची रांग लागली होती. तेच पाय, आई. मी रांगेत उभी राहिले, आणि माझा नंबर येईपर्यंत मला रडू यायच्या ऐवजी हसूच येत होतं. शेजारची बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला काय सांगणार?

मी तेव्हा शाळकरी होते. महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं अजून. तू घाटावरची, बाबा कर्जतला रेल्वेत गँगमन, आणि चौक-कर्जत रस्त्यालगतच्या आपल्या गावात ख्रिस्ती असं घर एकच, आपलं. पण कुणाशी वाकडं नव्हतं. गौरीला आपल्याकडे घावनं यायची, नाताळात तू करंज्या वाटायचीस. रविवारी आपण कर्जतला उपासनेला जायचो, ती रेल्वे वसाहतीतल्या एका खोलीत भरायची, आणि परत येताना वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच, "काय गं, आज तुमच्या देवानं काय सांगितलं?" तू म्हणायचीस, "कालचंच परत सांगितलं. आमी ऐकत नाय ना, म्हणून."

त्या वैशाखात तू टेपाडावर करवंदांना गेलीस आणि करवंदांशिवाय परत आलीस. मला अजून तो रस्ता दिसतो. तू पुढे चालते आहेस, तुझ्या मागे बऱ्याच अंतरावर एक बाई, डोक्यावरून पदर तोंडापर्यंत ओढलेली, लंगडत. तू थांबलीस की ती थांबते. तू चाललीस की ती चालते. शेवटी तू रिकामी पाटी खाली ठेवतेस, मागे वळून तिच्यापाशी जातेस आणि तिचा दंड धरतेस. तशाच दोघी अंगणात येता. ती गावातल्याच एका भातशेतीवाल्या घरची सून होती. नवरा वारला, पाठोपाठ अंगावर चट्टे उठले, बोटं आखडायला लागली, आणि दिरानं तिला शेताच्या कडेच्या राखणीच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. लेक घरात ठेवून घेतली. भात बांधावर पानात ठेवून माणसं परत फिरायची. तू तिला बघितलंस तेव्हा तिच्या टाचेच्या जखमेत किडे होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता, कारण पायाला काही कळतच नव्हतं.

बाबा संध्याकाळी आले. दारातच थांबले. "ही रगतपितीची बाई घरात? गाव काय म्हणंल?"

"गाव काय म्हणंल ते मला ठाव हाय," तू म्हणालीस. "तिला तितंच सोडून आले आस्ते, तर देव काय म्हणाला आस्ता, तेवढं सांगा."

बाबांनी हातपाय धुतले आणि गोठ्यालगतची खोली झाडायला घेतली. बाबांचं होकार देणं असंच असायचं.

गावानं मात्र बोलणंच टाकलं. दूधवाला दारावरून सरळ जायचा. नदीवर तू धुणं घेऊन गेलीस की बायका अर्धी धुतलेली लुगडी उचलून वरच्या अंगाला जायच्या. मला शाळेत दाराजवळ एकटीला बसवलं. मी घरी येऊन चुलीपुढे रडले. तू भाकरी थापत होतीस, तशीच थापत राहिलीस. मी म्हटलं, "आपल्याशी कुणी बोलत नाही, हे देवाला आवडतं का गं?"

"ते नसंल आवडत," तू म्हणालीस. "ती घरात हाय ते आवडत आसंल. दोनी एकदम असू शकतं. पाणी दे जरा."

बस, एवढंच. मला वाटलं होतं तू जवळ घेशील. तू पाणी घेतलंस आणि पुढची भाकरी टाकलीस. पण त्या दिवशी माझ्या ताटात चुलीतला भाजलेला कांदा जास्तीचा होता. तुझं जवळ घेणं असं असायचं.

रोज संध्याकाळी तू ओट्यावर मावशीचे पाय कोमट पाण्यात घेऊन बसायचीस. काटा, चटका, नवी जखम काही आहे का ते बोटाबोटातून बघायचीस, कारण तिला स्वतःला ते कळणार नव्हतं. मग तेल लावायचीस, फडकं बांधायचीस. तोंड मात्र चालू. "परत अनवाणी गेलीस? डोळं कशाला दिल्यात मग?" मावशी ऐकून घ्यायची. उपासनेत जेव्हा पहिल्यांदा प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट मला नीट समजली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला ओटा आला आणि मला वाटलं, प्रभूही असाच रागवत असेल धुताना.

त्याच सुमारास एका रविवारी मी मंडळीत मोठ्यानं प्रार्थना केली. "हे प्रभू, माझी आई महारोग्याचे पाय धुते, तिला आशीर्वाद दे." सगळ्यांनी "आमेन" म्हटलं, मला फार बरं वाटलं. परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, "देवाला ठाव नव्हतं व्हय? त्याला नव्हतीस सांगत तू. लोकास्नी ऐकवत होतीस. आन् महारोगी म्हणायचं नाय. ती तुझी मावशी हाय." त्या दिवसापासून ती मावशी झाली. तोवर आम्ही तिला काहीच म्हणत नव्हतो.

कर्जतला आठवड्यातून एकदा या रोगाचे डॉक्टर यायचे. पहिल्यांदा तू तिला घेऊन एसटीत चढलीस, तर कंडक्टरनं दोघींना खाली उतरवलं. तू भांडली नाहीस, याचं मला फार आश्चर्य वाटलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून तू हात करत राहिलीस, आणि मुंबईच्या तबेल्यांना गवत घेऊन निघालेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर कुणी परका माणूस. तू त्याला आधीच सांगून टाकलंस, "भाऊ, हिला रगतपिती हाय. चालंल का?" तो म्हणाला, "गवताला काय फरक पडतो, बाई? आणि मला तर भूक लागलीय, चटकन चढा." कर्जतच्या फाट्यापर्यंत तुम्ही दोघी गवताच्या डोंगरावर बसून गेलात. मावशी हसली ती त्या दिवशी, हे तू मला कितीदा सांगितलंस. उंचावरून तिला तिच्या सासरची शेतं दिसली आणि ती म्हणाली, "बघ गं, माझा माळा किती बारका दिसतो हितून."

मग गोळ्या सुरू झाल्या. पांढऱ्या, चपट्या. वर्षानुवर्षं घ्यायच्या. मावशीला कंटाळा यायचा, तुला नाही.

मध्ये एकदा दीर चार माणसं घेऊन अंगणात आला. "आमच्या बाईला बाटवायला आणलीस तू," असं म्हणाला. मी दाराआड होते. तू काही बोलायच्या आत मावशीच खोलीतून बाहेर आली. तोंडावरचा पदर मागे सारला. इतक्या दिवसांत तिनं तो पहिल्यांदा सारला होता.

"भावजी, या आत येऊन बघा," ती म्हणाली. "कोनाड्यात माझा देव हाय, दिवा हाय. कुणी हात लावला नाय त्याला. हिचा येशू माझ्या पायापाशी येऊन बसला. तुमी बांधाच्या अलीकडं बी आला नाय."

ती माणसं कशी गेली ते मला आठवत नाही. मला फक्त मावशीचा उघडा चेहरा आठवतो. पुढच्या महिन्यात आपली उपासना घेणारे पाळकसाहेब भेटीला आले. चहा घेता घेता त्यांनीही तेच विचारलं, उलट्या बाजूनं. "ही बाई बाप्तिस्मा घेईल का?" तू म्हणालीस, "साहेब, मी तिच्यासाठी रोज प्रभूपाशी मागते. पण पायाच्या पट्टीची ती किंमत नाय. तिला तसं वाटलं आस्तं तर मी मेले आस्ते लाजंनं." साहेबांनी कप खाली ठेवला. चांगला माणूस होता तो. जाण्याआधी त्यांनी मावशीच्या खोलीच्या दारात उभं राहून प्रार्थना केली आणि तिला हात जोडून नमस्कार केला. मावशीनं बाप्तिस्मा कधी घेतला नाही. पण आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ती उंबऱ्यावर बसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" तीच म्हणायची.

आणि मग तो दिवस. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट पाहिले, सुईनं टोचून पाहिलं, आणि म्हणाले, "आता गोळ्या बंद. रोग गेला. बोटं आहेत तशीच राहतील, पण हिच्यापासून कुणाला काही भीती नाही." तुम्ही त्या दिवशी एसटीनं आलात. कंडक्टर तोच होता म्हणे. त्यानं तिकीट फाडलं आणि मावशीनं ते घरी आणून देवाजवळ ठेवलं.

खरी परीक्षा मात्र लेकीच्या लग्नात होती. वाल निघाले होते, खळ्यात मांडव पडला होता. दिरानं निरोप धाडला की लग्नात आलीस तरी मागच्या बाजूला बस, नवऱ्यामुलाकडची माणसं बुजतील. मावशी म्हणाली, "नाय जात मी. पोरीचं भलं होऊ दे." तेवढ्यात लेक स्वतःच आली, हळदीच्या अंगानं, सगळ्या गावासमोरून चालत. आपल्या ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "आई मांडवात नसंल तर मी बी नाय. आन् पहिला भात तीच वाढंल." तू पेटीतून तुझं नाताळचं निळं लुगडं काढलंस आणि मावशीला नेसवलंस. स्वतः जुनंच नेसलीस.

पंगत बसली. मावशी आखडल्या बोटांत भाताची परात धरून उभी आहे. पहिल्या पानापाशी ती वाकते, आणि त्या पानावरचा माणूस हात आडवा धरतो. दुसराही. सगळा मांडव तिकडे बघतो. मला वाटतं, आता ती परात पडणार. तेव्हा तू जागेवरून मोठ्यानं ओरडतेस, "अगं, हिकडं ये! सकाळपासनं उपाशी हाय मी!" खोटं नव्हतं ते. तू सकाळपासून उपास धरला होतास, ते बाबांनी मला नंतर सांगितलं. मावशी येते, वाढते. तू घास घेतेस. आणि तुझ्या शेजारी बसलेली नवऱ्यामुलाची आजी, पार वाकलेली म्हातारी, तुझ्या पानाकडे बघते, मावशीच्या हाताकडे बघते, आणि म्हणते, "मला पन वाढ गं बाय. विहीणबाईच्या हातचा पयला भात सोडून मी कुनाच्या हातचा खाऊ?"

मग काय विचारतेस, आई. म्हातारीनं खाल्लं म्हटल्यावर तिची सुना-नातवंडं खाणारच. ज्यानं हात आडवा धरला होता त्यानंच "वहिनी, भात" अशी हाक मारली. मावशी वाढत होती, वाढतच होती, बुंदी वाढायलाही तिनं कुणाला हात लावू दिला नाही. दीर कोपऱ्यात उभा होता. सगळ्यात शेवटी तो पानावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "वाढ." तिनं त्याला भात वाढला, वर तुपाची धारही धरली. आणि तू? तू इतकी जेवलीस की बाबांना म्हणावं लागलं, "आता उठ, मांडव उतरवायचाय." घरी येताना भर रस्त्यात तू उपासनेतलं गाणं म्हणायला लागलीस, ढोलकी नाही, पेटी नाही, हातानं ताल धरून. तुझा आवाज कधीच चांगला नव्हता. मावशीनं शब्द येत नसताना सूर धरला. नदीवर आपल्याला बघून लुगडी उचलणाऱ्या बायका दारात येऊन हसत उभ्या होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीनं म्हटलं, "काय गं, आज तुमचा देव लई खूश दिसतो!" तू गाणं न थांबवता मानेनंच हो म्हणालीस.

तू गेलीस तेव्हा तुझी शवपेटी कर्जतपर्यंत गावानं खांद्यावरून नेली. आळीपाळीनं, पण खाली एकदाही टेकवली नाही. मूठभर माती टाकायला मंडळीच्या आधी मावशी पुढे झाली आणि पाळकसाहेबांनी तिला वाट करून दिली. परवा तिच्या वेळी मी तुझ्या बदली उभी होते. तिचं सगळं त्यांच्या रीतीनं झालं. मी हात जोडून मनातल्या मनात आपली प्रार्थना म्हटली, आणि तिची लेक मला बिलगून म्हणाली, "मोठ्यानं म्हण ना गं. आईला ऐकायची सवय हाय." मग मोठ्यानं म्हटली. सगळं अंगण ऐकत होतं. शेवटी "आमेन" म्हणायला कोण होतं सांगू? दिराचा मुलगा.

आई, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते काही मला माहीत नाही. घडी करून उशीखाली ठेवीन बहुतेक. पण एक गोष्ट आहे, ती कुणापाशी बोलले नाही. मी आयुष्यभर नर्स म्हणून ज्यांच्या जखमा बांधल्या, त्यांना वाटायचं, ही देवाला आवडावं म्हणून करते. मीही तसंच म्हणत आले. खरं सांगायचं तर पुष्कळदा माझ्या डोक्यात देव नसायचाच. तू असायचीस. तुला आवडावं, एवढंच असायचं. त्याला ते चालत असावं, असं मी धरून चालले आहे.