मणियनचा रकाना

२ एप्रिल २००७, सोमवार. अड्यार, मद्रास

सकाळी ११ ला सरांच्या खोलीत. प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलं. पानभर टिपणं असतील म्हणून तयारीत गेले होते, तर समासात एकच ओळ: 'अरविंदशी बोला.'

तीन हिवाळे पोल्लाचीवरच्या डोंगरावर दात वाजवत ताहर नावाच्या रानबकऱ्या मोजल्या, कड्यावरून घसरून गुडघा कायमचा गेला, आणि आता पेरुंगुडीच्या एसीत बसणाऱ्याशी बोला. अरविंद आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत, शनिवारी आमच्या संस्थेची आकडेमोड करतो. त्यानं रानबकरी पाहिली असेल तर पिंजऱ्यात.

३१ मेला प्रबंध द्यायचा. मुदत दोनदा वाढवून झाली. तिसऱ्यांदा नाही, असं सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

जिन्यात अंबुबाई. घरमालकिणीला भाडेकरूचं तोंड वाचता येतं. "काय जाहलें गे? मुख कां असें?" त्यांचं तंजावरी मराठी ऐकलं की एरवी हसू येतं, जुन्या बखरीतलं कुणी जिना चढून आल्यासारखं. आज नाही आलं. ताकाचा पेला दिला, तो घेतला.

७ एप्रिल, शनि.

अर. आला. हातात माझे तक्ते.

पद्धत माझीच आहे, मीच सरांच्या गळी उतरवलेली. एकाच कड्याची दोघांनी वेगवेगळी मोजणी. आधी मी जायचं, अर्ध्या तासानं त्याच वाटेनं माझा वाटाड्या मणियन. मधे बोलायचं नाही, खुणा नाहीत. दोघांचे आकडे किती जुळतात, किती नाहीत, यावरून दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या किती असतील ते काढायचं. अख्खा प्रबंध या दोन रकान्यांवर उभा आहे.

अर. म्हणाला, "पहिले चार दिवस तुम्हा दोघांचे आकडे वेगळे आहेत. त्यानंतर तिन्ही वर्षं जवळजवळ एकच. धुकं, कडे, दोन वेगळी माणसं. कसं शक्य आहे, मॅडम?"

म्हटलं, आमची दोघांची नजर चांगली आहे.

तो हसला नाही. "ही दोन माणसांची मोजणी नाही वाटत," म्हणाला. अगदी नम्रपणे. नम्र माणसांचा मला संताप येतो.

त्याला काहीबाही बोलले. चहा अर्धा टाकून गेला.

९ एप्रिल

ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. त्यांना अजून धुराचा वास येतो.

जानेवारी २००५, चौथा दिवस. मी २३, म. २७. खाली माझं अक्षर: 'म. ला मोजता येत नाही. बोलले.'

बोलले! दोन फॉरेस्ट गार्ड आणि स्वयंपाकी यांच्यासमोर, मोडक्या तमिळमध्ये, डोळे आहेत की बटणं, असं विचारलं होतं. पन्नाशीचा माणूस. मान खाली घालून उभा राहिला. गार्ड फिदीफिदी हसले.

पुढचा दिवस: मी १४, म. १४. त्याच्यापुढे: 'म. सुधारला.'

हे शब्द आज तीनदा वाचले. वही मिटून ठेवली. ऊन इतकं आहे की दुसरा काही विचार नको वाटतो, हे एक बरं.

१४ एप्रिल

तमिळ नवं वर्ष. अं.बाईंनी कैरी, गूळ आणि कडुलिंबाच्या फुलांची पचडी आणून दिली. "कडू देखील खावें गे." गेले दोन आठवडे तेच खाते आहे, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

संध्याकाळी आठवलं. आठवलं कसलं, माहीतच होतं, फक्त बघत नव्हते.

डोंगरावरून उतरलो की खोपीत चहा. म. चुलीवर फुंकणी धरायचा आणि तोंड न वळवता विचारायचा, "अम्मा, तुम्हाला किती?" आणि मी सांगायचे. रोज. थकलेलं असायचं, बरं वाटायचं कुणी विचारलं की. मग वही उघडून त्याला विचारायचे, तुला किती? तो सांगायचा. त्याला लिहिता येत नाही म्हणून त्याचा रकानाही मीच भरायचे.

आणि प्रकरण तीन, पान दोनवर मी लिहिलं आहे: दोन्ही निरीक्षकांमध्ये कोणतीही देवाणघेवाण झाली नाही. माझंच वाक्य आहे. खोटं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. चहा पिताना ती देवाणघेवाण वाटायचीच नाही.

१६ एप्रिल

चहामळ्याच्या कचेरीत फोन. तासाभरानं पुन्हा करा म्हणाले, केला, तेव्हा म. लाइनवर.

मला तमिळमध्ये किती, कुठे, सावकाश, जळू, पाणी उकळ आणि मोजणीपुरतं मोडकं बोलणं एवढं येतं. तू माझ्या भीतीनं खोटं बोलायचास का, हे येत नाही. तीन वर्षं तिकडे काढून एवढीच कमाई.

"मोजायचास ना तू?"
"मोजायचो अम्मा."
"मग माझ्याइतकेच कसे?"
"तुम्ही सांगितलं तेच बरोबर, अम्मा."

चिडले. म्हटलं, तुझे वेगळे आकडे असतील ना, ते हवेत मला. वेगळे. कळलं का?

"सरी अम्मा." बरं अम्मा. माझ्या प्रत्येक वाक्यावर तीन वर्षं हेच ऐकत आले. फोन ठेवताना तिकडे कचेरीतला कारकून मागे काहीतरी बोलत होता, तेही कळलं नाही.

२७ एप्रिल, शुक्र.

पोस्टानं पुडकं. आत भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरचे कागद, सुतळीनं बांधलेले. पाठीमागे आकडे. बरोबर दोन पानी पत्र. तमिळमध्ये, गोल, नीट अक्षर.

त्याला लिहिता येतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पत्र घेऊन खाली गेले. अं.बाईंनी चष्मा पुसला, एकदा मनात वाचलं, मग त्यांच्या मराठीत सांगू लागल्या. जसं आठवतं तसं:

"अम्मांस मणियनचा नमस्कार. पहिले वर्षीं तुम्ही रागें भरलांत. तुम्ही शिकलेलीं मनुष्यें. माझा आंकडा निराळा आला तर वरचे लोक तुम्हांसच बोलतील, कीं हिला मोजतां येत नाहीं. म्हणून संध्याकाळीं तुम्ही सांगाल तोच मी सांगितला. खरा आंकडा घरीं येऊन त्या दिवसाच्या कागदामागें लिहिला. ते पाठवितों. चूक असेल तर क्षमा करावी."

पुढे मुलीच्या लग्नाचं, आणि माझा गुडघा कसा आहे, ते.

अं.बाई पत्राची घडी घालत म्हणाल्या, "पापम गे तो." बिच्चारा.
"आणि मी?"
"तूंहि पापम. पण आधीं तूं ओरडलीस."

जिना चढताना रडू आलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं, हे खरं ते लिहून ठेवते. दुसरा रकाना आहे. प्रबंध तरला.

२९ एप्रिल, रवि.

दुपारभर वीज नाही. गॅलरीत बसून कागद तारखांशी लावले. बहुतेक दिवस सापडले. म. चे आकडे रोज माझ्यापेक्षा जास्त. आधी हेही पटलं. त्याची नजर माझ्यापेक्षा तेज, खडकाआड बसलेली पिल्लं त्याला दिसणार. तीन वर्षं बटणं कुणाच्या डोळ्यांच्या जागी होती ते कळलं म्हणायचं.

मग फेब्रु. २००६ चा एक कागद. तो दिवस मला लख्ख आठवतो. आभाळ स्वच्छ, उघड्या गवतावर दोनच माद्या, आसपास लपायला दगड नाही. मी २. म. मागून अर्ध्या तासानं आलेला, माद्या हललेल्या नाहीत. संध्याकाळी तोही म्हणाला होता २.

कागदावर ४.

परत सगळे बघितले. एकही दिवस सारखा आकडा नाही. एकही! दोन माणसं खरोखर मोजतात तेव्हा अधूनमधून आकडे जुळतातच, हे कॉलेजातल्या पोरालाही कळेल.

मीच फोनवर सांगितलं होतं, वेगळे हवेत. त्यानं वेगळे दिले. पुन्हा उत्तर आधी सांगितलं आणि प्रश्न मागून विचारला.

की खरेच आहेत? माद्या दोन होत्या ही माझी आठवण. मागून दोन आणखी वर आल्या असतील. अं.बाईंना दाखवलं. हुंगून म्हणाल्या, कागद जुना आहे, धुराचा आहे. कागद जुना असणारच, कॅलेंडरच जुनं. शाई कधीची ते कोण सांगणार? काही निळी, काही काळी. दोन पेनं कुणाच्याही घरात असतात.

कागद परत सुतळीत बांधले.

७ मे

सरांना सगळं सांगितलं. कथिरीच्या, इथल्या ऐन मेमधल्या भाजत्या उन्हात चालत गेले होते, घाम पुसत सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. ओरडतील असं वाटलं होतं, तर एक वाक्य काढून दिलं. इंग्रजीत, सुबक. मराठीत असं होईल: 'सहायकाच्या नोंदी अविश्वसनीय आढळल्याने वगळल्या आहेत.'

एका रकान्याचा प्रबंध. लंगडा, पण चालेल. परीक्षक माना डोलावतील.

म्हटलं, सर, नोंदी माझ्यामुळे बिघडल्या.
"वाक्यात कुणामुळे ते नाही."
"सहायक म्हटलं की मणियनच. पुढचे संशोधक तुमच्याकडेच विचारायला येतात, डोंगरावर वाटाड्या कुणाला घेऊ म्हणून."
"तो थोडाच इंग्रजी वाचणार आहे?"

सर दुष्ट नाहीत. डिसेंबरात निवृत्त होतायत आणि माझा प्रबंध त्यांना तोवर हातावेगळा करायचा आहे. खरं लिहिलं तर काय, तेही त्यांनीच सांगितलं: मग तीन वर्षं गेली समज, पुन्हा पहिल्यापासून मोज, दुसरा मार्गदर्शक बघून.

घरी येऊन वाक्य टाइप केलं. प्रकरणात छान बसलं. पुसलं नाही.

१२ मे

आईचा साताऱ्याहून फोन. "झालं का गं तुझं ते?" तिथे सगळ्यांना वाटतं मी मद्रासला बकऱ्या मोजते. आज पहिल्यांदा वाटलं, तेवढं तरी नीट केलं असतं तर.

अर. ला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, असू दे मॅडम. मग म्हणाला, जुनं सोडा, फक्त पुढे एकदा तरी त्यांचा आकडा आधी ऐका. बघा किती येतो. मला अर. अजूनही आवडत नाही, पण हे मला सुचायला हवं होतं.

अं.बाईंकडे तमिळ शिकवणी. एकच वाक्य: आधी तुम्ही सांगा. मी म्हणून दाखवलं तर कपाळावर हात मारून घेतला. "त्या वयाच्या मनुष्यास एकेरी? तीन वर्षें असेंच बोलत होतीस गे?"

होते.

१७ मे, गुरु.

रात्रीच्या गाडीनं निघते. कोइंबतूर, तिथून पोल्लाची, मग वर जाणारी बस. मळ्याच्या कचेरीत निरोप ठेवलाय. सरांना सांगितलेलं नाही. चौदा दिवस उरले, त्यातले चार यात जाणार.

यातून प्रबंधाचं काही होणार नाही. दोन-तीन दिवसांच्या मोजणीनं तीन वर्षं धुऊन निघत नाहीत, एवढं मलाही कळतं. मला फक्त एक आकडा हवा आहे, जो त्याचा आहे.

अं.बाईंनी दहीभात बांधून दिला. म. च्या मुलीसाठी जरीच्या काठाचा खण. जिन्यातून हाक मारून म्हणाल्या, तें वाक्य म्हण पाहूं. म्हटलं. "सरी," म्हणाल्या.

१९ मे, शनि. वर, खोपीत

काल संध्याकाळी पोचले. म. बसथांब्यावर उभा, स्वेटर माझाच, गेल्या वर्षी दिलेला. बॅग हातातून घेतली. पत्राबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. खण दिला, तो डोळ्यांना लावला.

आज सहाला निघालो. या खेपेला तो आधी, मी अर्ध्या तासानं. धुकं नव्हतं. तोच कडा. एक म्हातारा नर माझ्याकडे बघत रवंथ करत होता, इतका जवळ की दुर्बीण लागली नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. सावकाश मोजलं. दोनदा. १९.

लिहिलं, वही पिशवीत खाली घातली.

उतरून खोपीत. अजून ऊन होतं. त्यानं चूल पेटवली, फुंकणी घेतली, आणि तोंड न वळवता नेहमीसारखं विचारलं, "अम्मा, तुम्हाला किती?"

पाठ केलेलं वाक्य म्हटलं. आधी तुम्ही सांगा. आदरानं, जसं शिकवलं तसं.

फुंकणी थांबली. त्यानं वळून बघितलं. तीन वर्षांत मी त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, तो घाबरला असावा. माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. पाणी उकळून पातेल्याबाहेर आलं, ते त्यानं उतरवलं.

मग हलक्या आवाजात, मदत करावी तसं विचारलं, "किती हवेत, अम्मा?"

टोमणा नव्हता. टोमणा मारण्याइतका रागही नव्हता.

म्हटलं, काही नको. चहा द्या. त्यानं दिला. दोघं दारात बसून प्यालो, समोर कडा, त्यावर काही हलत होतं. तोही बघत होता. मोजत असेल तर ओठ हलले नाहीत.

उद्या धुकं नसेल तर पुन्हा जायचं. बारा दिवस उरले. सरांनी दिलेलं ते वाक्य अड्यारला संगणकात तसंच आहे.