तळघरातली सत्तेचाळिसावी ओळ

तीर्थरूप मामांच्या पायांवर धाकट्या भाच्याचं डोकं, आणि ते डोकं सध्या ठिकाणावर नाही हे आधीच सांगून ठेवतो.

तुमची प्रकृती ठीक असेल, सकाळचं फिरणं चालू असेल आणि मामींचे गुडघे जिना चढू देत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे तसे बरे. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. एक तर तुमच्याकडे फोन नेहमी मामी उचलतात, आणि माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून त्यांना कळतं की काहीतरी बिनसलंय. दुसरं म्हणजे, मी याच कार्यालयात पहिल्या दिवशी भीत भीत आलो तेव्हा तुम्हीच शिकवलं होतंत, की जे कागदावर नाही ते नाहीच. तेव्हा कागदावर घेतो.

मी काय काम करतो हे तुम्हाला सांगायला नकोच, ते टेबल तुमचंच आहे (डावा खण अजून अडकतो). फरक एवढाच, की तुमच्या वेळी या कक्षाचं काम एका फायलीत मावायचं, आणि आता राज्यातल्या झाडून सगळ्या खात्यांना पुढच्या वर्षी किती संगणक, किती सर्व्हर, कुठली सेवा ऑनलाइन हवी, याचा आराखडा आणि अंदाजपत्रक माझ्याकडे येतं. येतं म्हणजे मागच्या वर्षीचंच येतं. वरचं साल बदलायचं, आकडे दहा टक्क्यांनी फुगवायचे, आणि ‘सखोल विचारांती’ असं लिहून पाठवून द्यायचं, ही पद्धत तुम्ही असतानाही होती, आता फक्त ती संगणकावर होते म्हणून जास्त सखोल वाटते. एका खात्याने सलग चार वर्षं तेच दोनशे प्रिंटर मागितले आणि आम्ही चारही वर्षं ते मंजूर केले. आता त्यांच्या कचेरीत माणसांना बसायला जागा नाही. आम्हीही आमच्या कक्षाचं अंदाजपत्रक असंच करतो. त्यात सत्तेचाळीस ओळी आहेत. शेवटची ओळ अशी: ‘तळघरातील यंत्र, देखभाल, आवश्यक.’ बस्स. काय यंत्र, कशासाठी, कुणाला आवश्यक, काही नाही. पंधरा वर्षं ती ओळ जशीच्या तशी खाली उतरत आली आहे.

यंदा सचिवबाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येक कक्षाने एक तरी अनावश्यक गोष्ट शोधून काढून टाकावी, नाहीतर का सापडली नाही याचा लेखी खुलासा द्यावा. (सचिवबाई वाईट नाहीत. पण त्या चष्म्याच्या वरून बघतात, आणि मला आमच्या गावच्या शाळेची आठवण होते.) मी खुलासा लिहिण्याच्या भीतीने सत्तेचाळिसाव्या ओळीच्या मागे लागलो. लेखा शाखेला विचारलं, ते म्हणाले तंत्र शाखेला ठाऊक. तंत्र शाखा म्हणाली तुमच्याच कक्षाचं आहे. मी माझ्या कक्षात येऊन मलाच विचारलं. शेवटी आमच्याकडे एक जुना तंत्रज्ञ आहे, त्याला सगळे ‘रीस्टार्ट’ म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचा तो एकच उपाय आहे, त्याला गाठलं. तो चहा ढवळत म्हणाला, “साहेब, यात एवढं काय? बंद करायचं आणि बघायचं कोण ओरडतंय. ओरडेल त्याचं यंत्र.”

मी म्हटलं, “आणि कुणीच ओरडलं नाही तर?”

“तर कुणाचंच नाही. भंगारात.”

मामा, ही म्हणे जगभरची रीत आहे. मला ती पटली नाही, पण मला दुसरी सुचलीही नाही. सोमवारी सकाळी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि ‘कर बंद’ म्हणालो. रीस्टार्ट खाली जाऊन बटण दाबून आला. आणि तीन दिवस मी फोनपाशी बसून राहिलो. जेवायला गेलो नाही, डबा टेबलावरच उघडला, तोही हळूच, डब्याच्या आवाजात फोनची घंटा बुडू नये म्हणून. फोन वाजला की पहिल्याच घंटेला उचलायचो. एकदा बँकेतून आला, एकदा तुमच्या भाचेसुनेचा आला (येताना साबण आणा). ओरडायला कुणीही आलं नाही. बुधवारी संध्याकाळी रीस्टार्टने यंत्र पुन्हा चालू करून ठेवलं आणि मी अंदाजपत्रकात त्या ओळीसमोर शून्य टाकलं. नव्या वर्षाच्या एक तारखेला भंगारवाला येऊन ते घेऊन जाणार, असंही ठरलं.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. सचिवबाईंनी भर सभेत माझं कौतुक केलं. सगळ्या खात्यांचे अधिकारी बसले होते आणि बाई म्हणाल्या, पंधरा वर्षांत कुणाला जे धाडस झालं नाही ते या गृहस्थांनी केलं. मामा, मला उभ्या जन्मात कुणी धाडसी म्हटलेलं नाही. मला रस्ता ओलांडायला वेळ लागतो. टाळ्या वाजत होत्या आणि मी दार किती लांब आहे ते बघत होतो. कारण त्या टाळ्यांत मला एकदम ते तीन दिवस आठवले, आणि वाटलं, कुणी ओरडलं नाही म्हणजे कुणी नव्हतंच, हे कुणी ठरवलं?

तुम्हाला आमच्या शाळेतली गोष्ट माहीत आहे की नाही कोण जाणे. चौथीत असताना गुरुजी हजेरी घेत आणि माझं नाव आलं की मी ‘हजर’ म्हणायचो, पण इतक्या हळू, की ते माझ्या पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. गुरुजी मान वर न करता गैरहजेरी मांडायचे. असे दोन महिने गेले. मी रोज शाळेत जात होतो, पाढे पाठ करत होतो, आणि वहीत मात्र नव्हतो. शेवटी आई भांडायला आली तेव्हा गुरुजींनी चष्म्याच्या वरून मला पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हा आहे होय!” सभेत टाळ्या वाजत असताना मला तो बाक आठवला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तळघरात उतरलो. तिथे खाली मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे, त्यामागे एक लोखंडी कपाट, आणि कपाटामागे ते यंत्र. लहानसं, धुळकट. एक हिरवा दिवा मात्र चालू, आणि तो दमेकऱ्याच्या श्वासासारखा मंद होत होता आणि पुन्हा उजळत होता. त्याच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला. त्यावर लिहिलेलं: ‘हे यंत्र बंद करू नये. केल्यास माणसे’ आणि पुढचा कागद कसरीने खाल्लेला.

माणसे काय, मामा? माणसे ओरडतील? माणसे अडकतील? जातील? मी तिथेच एका तीन पायांच्या खुर्चीवर बसलो आणि पडलो.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. लिफ्टमध्ये चढताना वाटतं, ही त्याच यंत्रावर चालत असेल. चौकातला सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबतो. काल दवाखान्यावरून जाताना आतले सगळे दिवे लागलेले पाहून इतकं बरं वाटलं, की मी उभा राहून हात जोडले आणि तिथल्या पहारेकऱ्याने आत कोण आहे म्हणून चौकशी केली. सौ. म्हणते, बाईंना जाऊन सरळ सांगा. सांगणं सोपं आहे. पण ज्या बाईने मला धाडसी म्हटलं, तिला मी घाबरलोय हे सांगायला जे धाडस लागतं ते माझ्यात नाही. रोज त्यांच्या दारापर्यंत जातो, पाटी वाचतो, परत येतो. शिपाई आता मला बघून उठतसुद्धा नाही.

असो. तुम्हाला उगीच काळजी लावली. तुमचं तुमच्या बागेतल्या, जुन्या कचेरीच्या मित्रमंडळींबरोबर मजेत चाललंय, तसंच चालू द्या. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या हातून काही झालं तरी राहावा.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं लिहायचं धाडस वर झालं नाही. त्या कागदावरचं अक्षर तुमचं आहे. ‘ण’ला दोन काठ्या देऊन वर छत्रीसारखी रेघ ओढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. तेव्हा कृपा करून ‘माणसे’च्या पुढचा शब्द कळवा. एकच शब्द. उलट टपाली. पुरवणी मागण्यांची मुदत शुक्रवारी संपते, त्यानंतर त्या ओळीत काही घालता येणार नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा काढलं. तो शब्द मला सापडला, तुम्ही आता शोधू नका. काल दवाखान्यासमोर हात जोडले ते आठवून माझी मलाच लाज वाटली. आज रीस्टार्टला घेऊन खाली गेलो आणि यंत्र कुणाशी बोलतं ते त्याच्याकडून शोधून घेतलं. ते वर्षातून एकदाच बोलतं, तुमचं पेन्शन देणाऱ्या कोषागाराशी. तुमच्या आणि तुमच्याआधीच्या पिढीतल्या चारशे बारा निवृत्त कर्मचाऱ्यांची नावं नव्या प्रणालीत कधी चढलीच नाहीत, ती फक्त या यंत्रात आहेत. वर्षातून एक दिवस कोषागार त्याला विचारतं, कोण कोण हयात आहे? आणि ते यादी देतं. यंदा तो दिवस मंगळवारी होता. मी डबा हळू उघडत होतो तो मंगळवार. कोषागाराने विचारलं, यंत्र बंद होतं, कुणीही ‘हजर’ म्हटलं नाही, आणि त्यांच्या संगणकाने चारशे बारा नावांपुढे ‘मयत’ लिहिलं. ओरडणार कोण होतं? त्यात तुमचं नाव एकशे एकोणसाठावं आहे. वर तुमची प्रकृती रीत म्हणून विचारली होती, आता खरोखर विचारतो.

मग मात्र मी बाईंच्या दारावरची पाटी न वाचता आत गेलो. सगळं सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “चारशे बारा? आणि मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या?” मी म्हटलं, हो बाई. त्यांनी ओळ परत घालायला सांगितली. कारणाच्या रकान्यात पंधरा वर्षं ‘आवश्यक’ होतं, मी तिथे ‘ही माणसे जिवंत आहेत’ असं लिहिलं. बाईंनी चष्मा काढून वाचलं आणि सही केली. पण ज्यांना संगणकाने एकदा मारलं त्यांना नियमाप्रमाणे कागदाने जिवंत करता येत नाही, त्यांनी जातीने यायला हवं. नोंद करायला सोमवारपासून मीच बसणार आहे, ती माझी शिक्षा. तेव्हा बागेतली मंडळी घेऊन या. टेबलापाशी येऊन फक्त ‘हजर’ म्हणायचं. हळू म्हणालात तरी चालेल, मी मान वर करून बसणार आहे.

ता. क. तिसरा, आणि हा सगळ्यात आधी वाचायला हवा होता. नाव मयत झालं की कोषागाराचा संगणक घरच्यांना शासनाचं सांत्वनपत्र आपोआप छापतो. चारशे बारा पाकिटं आजच्याच टपालाने निघाली, मी धावत गेलो तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडत होती. तुमच्याकडचं पाकीट मामींच्या नावे आहे, आणि नावाआधी ‘सौ.’ काढून ‘श्रीमती’ छापलंय, म्हणजे फोडायचीही गरज नाही. यादी आमच्या यंत्राची, म्हणून खाली शिक्काही आमच्याच कक्षाचा आहे. सचिवबाईंची भीती आता गेली, मामींची बसली आहे. हे पत्र आणि ते पाकीट बहुधा एकाच पोस्टमनच्या हातात असेल. या आठवड्यात घंटा वाजली की दार तुम्हीच उघडा, आणि उघडताना मामींना दिसेल असे उभे राहा.