म्हशीवरचा आळ

आबा, चौकातला फळा परत लागलाय. तालमीच्या भिंतीला, अगदी त्याच जागी. तुमच्या मागं तिथं आधी पानटपरी आली, मग वाढदिवसांचे डिजिटल फलक आले, एकावर एक इतके की खाली भिंत आहे हेच लोक विसरले. आता तालमीतल्या पोरांनी ते सगळं उतरवलं, भिंत खरवडली, काळा रंग मारला. कारण ऐकाल तर हसाल. पेठेचा मोबाइलवर ग्रुप होता, कार्यक्रमांची खबर त्यावरच यायची. पण रोज सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार बघून वैतागलेल्या पेठेनं त्या ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला. एका कवीसमोर ओळीनं रिकाम्या खुर्च्या राहिल्या, तेव्हा तालमीतलं एक म्हातारं गरजलं, "मास्तरांचा फळा हुता तवा कुत्रं सुदीक कार्यक्रमाला हजर असायचं की रं!" झालं. आठ दिवसांत फळा उभा.

आणि लिहायला बोलावलं मला. "मास्तरांची पोरगी हाय, अक्षर असणारच," म्हणाले. मी पन्हाळ्याच्या कचेरीत उभी हयात टिपणं लिहिली, माझं अक्षर कसं झालंय ते त्यांना काय माहीत. पण गेले. परवा रंगपंचमी, पाठोपाठ पाडवा, आणि यंदाचा वसंत काही विचारू नका, नुसता ओसंडून चाललाय. शाळकरी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, रंकाळा आणि पन्हाळा जागेवर बसून रंगवणाऱ्यांचं दुसरं, एका संध्याकाळी दोन एकांकिका, एका संध्याकाळी पोवाडे. आणि तुम्हाला आवडायची ती बागेतली सकाळची मैफलही आहे. झाडाखाली गवई गातो, शेजारी चित्रकार समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढत असतो, आणि गाणं संपायच्या आत चित्र पुरं होतंय का यावर मागं बसलेले लोक पैजा लावतात. तुम्ही त्या मैफलीला मला खांद्यावर बसवून नेलं होतं. चित्रकारानं नाक काढलं की तुम्ही माझ्या पायाला चिमटा काढायचात, म्हणजे बघ, आता बघ.

काल सकाळी हे सगळं फळ्यावर लिहिताना तुमची फार आठवण आली, आणि रडू नाही, हसूच आलं. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, पण तुमची खरी नोकरी त्या फळ्यावरच होती असं आई म्हणायची. शाळेला जायच्या आधी फळा. आदल्या दिवशीचा कार्यक्रम झाला असेल तर तेवढी ओळ ओल्या फडक्यानं पुसायची, नव्या ओळीसाठी दोरीला खडूची भुकटी चोळायची. दोरीचं एक टोक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. ताणायची, तुम्ही मधोमध चिमटीत धरून टणकन सोडायचात, की फळ्यावर केसासारखी सरळ रेघ. माझं टोक जरा जरी खाली गेलं तरी तुम्ही न बघता म्हणायचात, "वर घे, बाळ, कवी घसरून पडंल."

एकदाच ओरडलात. माझं कोपर लागून कुणाच्या तरी एकपात्री प्रयोगाची वेळ पुसली गेली. मला वाटलं, एवढंसं तर पुसलंय. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि चौकात, लोकांच्या देखत म्हणालात, "दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा न्हाई. त्या माणसानं महिनाभर घाम गाळलाय. ज्याची ओळ त्यानं पुसावी." मी घरी येईपर्यंत मुसमुसत होते. पण वाक्य डोक्यात पक्कं बसलं, तुमच्या अपेक्षेपेक्षा जरा जास्तच पक्कं.

कारण पुढच्याच वसंतात तुम्ही माझ्या चित्रवहीच्या मागच्या पानावर माझी कविता वाचलीत. आईच्या भाकरीवरची. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलायत, ताटातलं पिठलं निवतंय, आणि तुम्ही ती मोठ्यानं वाचताय. आई म्हणाली, "भाकरीवर काय कविता करायची असती व्हय?" आणि पुढची भाकरी तिनं जास्त गोल थापली, हे मी पाहिलं. मी बारा वर्षांची होते, हवेत तरंगत होते. संध्याकाळी चौकात गेले आणि जमिनीवर आदळले. फळ्यावर, दुसऱ्या दिवशीच्या तालमीतल्या कविसंमेलनाखाली, तुमच्या सगळ्यात सुरेख अक्षरात, माझं नाव. मला न विचारता! अख्खी पेठ येणार, वर्गातल्या पोरी येणार, खालच्या आळीतली ती शिष्ट पोरगी तर पहिल्या रांगेत बसणार. मला रात्रभर ताप आल्यासारखं झालं.

पहाटे नेहमीसारखी दुधाला निघाले. तालमीच्या मागं मामांचा गोठा, तिथं समोर धार काढून दूध मिळायचं. तांब्यात मी ओलं फडकं लपवलं होतं. फळ्यापाशी कुणी नव्हतं. मी माझी ओळ पुसली. फक्त माझी. वरच्या कवीच्या नावाचा उकार माझ्या ओळीत उतरला होता, तो मी नखाच्या कडेनं जपून ठेवला. तुमचाच कायदा, आबा, ज्याची ओळ त्यानं पुसावी. मी काही चूक करतेय असं मला वाटलंच नाही. फडकं गटारीत टाकलं, तांब्या विसळला, दूध घेतलं आणि घरी आले.

आठ वाजता चौकात हा गोंधळ. "मास्तर, पोरीची ओळ कुठं गेली?" मी दाराआडून बघतेय. तुम्ही हात मागं बांधून, शांतपणे म्हणालात, "म्हशीनं अंग घासलं असणार." लोक हसले. एकजण म्हणाला, "म्हशीनं? एकच ओळ? कडेकडेनं?" तेव्हा तुम्ही सगळ्यांना गोठ्यात घेऊन गेलात, मीही मागून गेले. आणि काळ्या कुळकुळीत म्हशीच्या कुशीवर खडूचा पांढराशुभ्र पट्टा! मी गार पडले. पुसली मी, आणि खडू म्हशीला? त्या दिवसापासून पेठेनं त्या म्हशीला मॅट्रिक पास ठरवलं. तिच्यासमोरून जाताना लोक वर्तमानपत्र उलगडून दाखवायचे. संध्याकाळी संमेलनात तुम्ही मला शेजारी घेऊन बसलात, भडंगाची पुडी माझ्या मांडीवर ठेवलीत, सगळ्या कवींसाठी टाळ्या वाजवल्यात. माझं नाव कुणी पुकारलं नाही. पाडव्याला तुम्ही रंगीत खडूंचा डबा आणलात. "हा तुझा," एवढंच म्हणालात.

तो पट्टा मला आयुष्यभर छळत राहिला. कधी वाटायचं, मी अर्धीच पुसली असेन आणि उरलेली खरोखर म्हशीनं घासली असेल. कुणाला विचारायची सोय नव्हती, विचारणं म्हणजे कबूल करणं. तुम्हालाही विचारलं नाही, आणि मग तुम्ही गेलात. कविता मात्र लिहीत राहिले. कचेरीच्या जुन्या डायऱ्यांत, एसटीत, जेवणाच्या सुट्टीत. कुणी वाच म्हटलं की "बघू" म्हणायचे. साठी उलटली तरी "बघू"च. खरं सांगू, लाज वाटायची स्वतःची. लोकांच्या ओळी फळ्यावर चढवणाऱ्या माणसाची मी मुलगी, आणि माझी एक ओळ मला पेलत नव्हती.

आता हे ऐका. त्या गोठेवाल्या मामांची नात शिल्पकार झालीय. तिचं पहिलं प्रदर्शन उद्या, रविवारी, तालमीच्या अंगणात, आणि त्यालाच जोडून काव्यवाचन. काल फळा लिहिताना दोरीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. सगळं लिहून झालं तरी खाली एका ओळीची जागा उरली. ती म्हणाली, "काकू, ही तुमची. रविवारी वाचताय न्हवं?" मी म्हटलं, "बघू." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघू काय बघू? चला, आधी माझं काम दावतो तुम्हाला." आणि मला गोठ्याकडं घेऊन गेली. गोठा आता तिची काम करायची जागा आहे. आत भाजलेल्या मातीची म्हैस उभी, आबा, खरीखुरी वाटावी अशी, रवंथ करताना जबडा एका बाजूला सरकलेला. आणि तिच्या कुशीवर पांढरा पट्टा.

"हे काय?" मी विचारलं. "आज्जा म्हणला, पट्टा पायजेच. का ते सांगंना." मामा कोपऱ्यात खाटेवर बसले होते. ऐंशी पार केलीय, दात गेलेत, पण डोळे तेच, मिस्कील. मी सरळ जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मामा, तो फळा मी पुसला होता." जन्मात पहिल्यांदा बोलले. मामा इतके हसले की नातीला पाणी आणावं लागलं.

"ठाऊक हाय की! तू दूध घिऊन गेलीस आन मागनं मास्तर आलं. कोपऱ्यावर हुबं ऱ्हाऊन सगळं बघिटलंतं त्येनी. मला म्हणलं, गड्या, तुझ्या म्हशीवर जरा आळ घ्यायचा हाय, चालंल का? म्या म्हणलं, घ्या की, तिची कुठं सोयरीक जुळवायची हाय! मग खिशातनं खडू काढला आन घासला तिच्या कुशीला. चित्रकार माणूस! मागं सरून बघिटलं, मान तिरकी केली, परत थोडा घासला. म्हस हालली न्हाय."

मी विचारलं, पण का? मला दोन शब्द सुनावले असते तर संपलं असतं. मामा म्हणाले, "म्याबी हेच इचारलं. तर म्हणलं, चूक माझी हाय, पोरीला न इचारता लिवलं. आता तिचं नाव घितलं तर ती जन्मात कविता लिवायची न्हाय. म्या म्हणलं, आन हे म्हशीचं कुठवर चालवायचं? तर म्हणलं, पोरगी आपल्या हातानं आपली ओळ लिवंल तवर. त्या दिशी म्हशीला सोडीव." आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "ती म्हस गेली, तिची रेडकं गेली, गोठा गेला. म्या आपला वाट बघत बसलोय. आता सोडीव की गं बाई तिला!"

तर आबा, तुम्ही सगळं पाहिलं होतंत. मी उकार जपला तेही पाहिलं असणार. घरी येईपर्यंत मी रस्त्यात एकटीच हसत होते, आणि सोडावॉटरच्या गाडीवाल्यानं विचारलं, "काकू, काय लॉटरी लागली काय?" मी म्हटलं, "व्हय, लागली."

आज उजाडताच एकटीच फळ्यापाशी गेले. तुमचा तो रंगीत खडूंचा डबा बरोबर नेला, इतकी वर्षं एकही खडू वापरला नव्हता. गुलाबी खडू दगडासारखा झालाय, पण फळ्यावर दोनदा घासला आणि उमटला. माझं नाव लिहिलं. पुढं 'काव्यवाचन' लिहिलं. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'त्या वर्षीची म्हैस निर्दोष आहे.' दूध घेऊन जाणारं एक जोडपं थांबलं, वाचलं, आणि काही न समजून पुढं गेलं. मामांना कळवलंय, ते खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्या खालच्या आळीतल्या शिष्ट पोरीलाही बोलावलंय, ती आता आजी झालीय आणि मुळीच शिष्ट नाही. आधी भाकरीचीच कविता वाचणार आहे, ती पाठ आहे.

हे पत्र मी खडूच्या डब्यात ठेवणार आहे, कुठं टाकायचं तेच कळत नाही म्हणून. एकच सांगायचं राहिलं. सकाळी दोरी नेली होती, पण दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून रेघ न मारताच लिहिलं. माझी ओळ चांगलीच तिरकी गेलीय, आबा, शेवटी तर पार खाली घसरलीय. पिशवीत ओलं फडकं होतं. पुसली नाही.