प्रिमिटिव्ह म्हणजे अव्वल

३ मे
तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग झालं. जागा कुटुंबांसाठी आणि युवक गटांसाठी. प्रकार दोन: साधी आणि प्रिमिटिव्ह. फोनवरच्या मुलीने दोनदा विचारलं, नक्की प्रिमिटिव्हच ना? म्हटलं, बाई, आम्ही घेतो ते वरच्या दर्जाचंच. इंग्रजी मी कुठल्या क्लासात शिकलेलो नाही. शब्दांची मुळं धरून स्वतःच्या हिमतीवर शिकलो. प्राइम, प्रीमियम, प्रिमिटिव्ह. एकाच घरातली भावंडं.

बायकोला फक्त आराम हवाय. मेहुणा आम्हा तिघांना आपल्याबरोबर हॉटेलात नेणार होता. माझ्या भरवशावर तिने त्याला नाही म्हटलं. मी शब्द दिला: तुला इकडची काडी तिकडे करावी लागली, तर यापुढे दर सुट्टीला खुशाल भावाबरोबर जा. ती म्हणाली, लिहून द्या. दिलं नाही. माझा शब्द पुरेसा आहे.

९ मे
तयारी. कन्या म्हणाली, बाबा, प्रिमिटिव्हचा अर्थ एकदा बघा ना. कॉलेजात गेल्यापासून ही प्रत्येक गोष्ट मोबाइलला विचारते. मुळं ठाऊक असताना फांद्या कोण चाळत बसतो?
सामानातून काढलं: स्टोव्ह, बादली, टॉर्च. तिथे असणारच.
घेतलं: तंबू, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, हवेची गादी, तिचा विजेवरचा पंप.
बायको गालातल्या गालात हसत होती. उत्साह, दुसरं काय.

१४ मे, दुपार
पोचलो. रिसेप्शन सापडत नाही. नळ, दिवे, सॉकेटसुद्धा नाहीत. एक हातपंप, एक लाकडी संडास, बाकी गवत आणि तळं. कन्येने मोबाइल नाकासमोर धरला: आदिम, कसलीही सोय नसलेलं. डिक्शनरी जुनी असावी. बायकोला सांगितलं, हल्ली लक्झरीत वायरी दिसू देत नाहीत. ती म्हणाली, हो का.

शेजारी शाळेच्या वीस मुली आणि त्यांच्या बाई. गळ्यात शिट्टी. म्हणून शिट्टीबाई.

तंबूचं सूचनापत्रक उघडलं नाही. वजनकाटे दुरुस्त करण्यात हयात गेली. तोल हा माझा विषय. स्पिरिट लेव्हल लावून तंबू उभारला. बुडबुडा बरोबर मध्यावर. फक्त दार काटेरी झुडपात उघडतं.

१५ मे, सकाळ
संकल्प: बायकोला अंथरुणात चहा. स्टोव्ह घरी. शिट्टीबाईंकडून तयार चहा आणला, मीच केला म्हणून दिला. ती म्हणाली, फक्कड झालाय, तुमच्या हातचा वाटतच नाही. शाबासकीच म्हणायची.

पंपाला वीज नाही. गादी तोंडाने फुगवली. डोळ्यांपुढे काजवे, पण फुगली. आराम म्हणजे काय ते दाखवायला पाण्यावर सोडली आणि प्रात्यक्षिक म्हणून स्वतः आडवा झालो. तोल उत्तम. वारा सुटतो आहे असं कन्या ओरडत होती. मुलं उगाच घाबरतात.

१५ मे, संध्याकाळ
मी वाहून गेलो नव्हतो. तळ्याची पाहणी करत होतो. मध्यावर पोचल्यावर हाका मारल्या, त्या आनंदाने.

शिट्टी वाजली. मुलींच्या होड्या सुटल्या. काका, हलू नका! काका, पाय वर! काका, पोट आत घ्या, होडी कलंडतेय! अशा सूचना देत दहा जणींनी मला काठाला लावलं. त्यांना जीवरक्षणाचे बिल्ले मिळाले. उरलेल्या दहा जणी रुसल्या. शिट्टीबाईंनी विचारलं, काका, उद्या पुन्हा वाहून जाल का? माझ्या वतीने बायकोने हो म्हटलं.

१६ मे
वाहून गेलो. आज ओरडण्यात जास्त जीव ओतला. एक मुलगी म्हणाली, काका, कालच्यापेक्षा छान बुडताय. बायको हसून हसून गवतावर लोळली. लोळली म्हणजे आराम झाला, असं मनातल्या मनात नोंदवलं.

पण दुपारी पाहतो तर ती मुलींबरोबर शेकोटीसाठी काड्या गोळा करतेय. मोळी भरून. सगळ्या इकडच्या तिकडे. शब्द माझाच होता. आता दर सुट्टीला ती मेहुण्याबरोबर, आणि मी दुकानात काट्यांबरोबर. जेवण गेलं नाही.

१७ मे
निघायच्या आधी सांगून टाकलं. म्हटलं, तो शब्द किंचित चुकला. तू भावाबरोबर जायला मोकळी आहेस.

ती म्हणाली, अहो, बुकिंग केलंत त्याच दिवशी पोरीने मला अर्थ सांगितला होता.

मग आलीस कशाला?

म्हणाली, हॉटेलात तुम्ही मॅनेजरला नळ कसा बसवायचा ते शिकवता. वेटरला ट्रे कसा धरायचा ते. शेजारच्या टेबलावरच्यांना घास कसा चावायचा ते. आणि मी चार दिवस सगळ्यांची माफी मागत हिंडते. इथे ना मॅनेजर, ना वेटर. म्हटलं, चला, एकदाचा आराम. पुढच्या वर्षीही इथेच यायचं.

म्हणजे जिंकलो, असं वाटतं.

हॉटेलातला तो नळ वाकडा होता, हे मात्र खरं आहे.