चुन्याचे दगड

ता. ४ जून

तीर्थरूप बाबांस, बडबडीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या जुन्या प्रशिक्षण तळावर आता आमची शाळा भरते. तुम्ही उस्ताद म्हणून जिथे बारा वर्षं रंगरुटांना पळवलंत, त्या बराकीत मी पहिलीला पाढे शिकवते. शस्त्रागारात खडू आणि चटया आहेत. भिंतीवर ‘बोलू नका, ऐका’ ही तुमच्या काळची सूचना अजून पुसट दिसते. मुलींनी नेमका तिच्याखालीच गप्पांचा अड्डा केलाय.

मुख्याध्यापिकाबाईंनी तळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. घरी तुम्ही तळाबद्दल कधी तोंड उघडलं नाहीत. आता लेकीसाठी तरी चार ओळी लिहा.

एक गंमत सांगायची राहिली. मागच्या माळावर गवतात चुना लावलेले सुरेख दगड सापडले. मुलींना घेऊन गेले आणि सगळे उचलून आणले. फुलांच्या वाफ्याला त्यांची किनार केलीय. येत्या सोमवारी त्या माळावर मैदानासाठी नांगर फिरणार आहे.

गुडघ्यांना तेल लावता ना? माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

बडबडी

ता. ८ जून

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेल. माळावर कुणाला पाऊल टाकू देऊ नकोस, एवढंच तिच्यात मावलं. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

तो माळ हातबॉम्ब फेकायच्या सरावाचा. न फुटलेला बॉम्ब मातीत रुततो. त्याच्याशेजारी उस्तादाने चुन्याचा दगड ठेवायचा. मग बॉम्ब निकामी करणारं पथक येऊन तो तिथेच उडवायचं. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की कागदावर कुणी उतरवलंच नाही.

तळ बंद व्हायच्या आठवड्यात पथक आलं नाही. साहेबांनी ‘माळ साफ’ असा कागद पुढे केला आणि मी मुकाट सही केली. दगड आहेत, तिकडे कोण मरायला जातंय, असं वाटलं. म्हणून घरी कधी बोललो नाही. आणि तू पोरींना घेऊन तिथेच गेलीस.

पाण्याच्या टाकीपासून पावलं मोजून नकाशा काढलाय. दगड सात होते. नकाशा पथकाला दे, सहीचंही सांग. माझं काय व्हायचं ते होवो.

जमलं तर बापावर लोभ ठेव.

बाबा

ता. १७ जून

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

तार आली तेव्हा ट्रॅक्टर माळाच्या कडेला होता. मी पुढ्यात उभी राहिले. चालक म्हणाला, बाईंचं डोकं फिरलंय. तार वाचून मुख्याध्यापिकाबाईंनी ट्रॅक्टर परत पाठवला.

काल पथक आलं. तुमच्या नकाशावरचे सातही सापडले, सातही उडवले. प्रत्येक धमाक्याला माझ्या डोळ्यांपुढे एकेक मुलगी येत होती. पथकाचे साहेब खूश झाले, ‘माळ साफ’ असा कागद लिहून मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीला ठेवून गेले.

आज मी दगड फेकून द्यायला वाफ्याशी गेले. बाबा, दगड आठ आहेत. तीनदा मोजले. चुना सगळ्यांना सारखाच. आठवा कुठून उचलला, हे एकाही मुलीला सांगता येत नाही, मलाही नाही.

बाईंना मी सही करू दिलेली नाही. पत्र लिहीत बसू नका, या. टाकीपाशी उभे राहून आठवा. गुडघ्यांचं मी बघेन. राग नाही, लोभ होता तसाच आहे. पण मला फार भीती वाटतेय.

बडबडी