पट्ट्याला पाडलेलं नवं भोक

प्रिय ढब्ब्या,

मी बरा झालो रे! ठणठणीत! आज सकाळपासून मशीनवर बसून शिट्टी वाजवतोय. तुझी वहिनी म्हणते, पुरे करा, गिऱ्हाईक पळेल. पळू दे! गेला महिनाभर मी नुसता उभ्यानं कापड बेतत होतो, शिवायला बसायची सोयच नव्हती.

सांगतो, पण हसलास तर याद राख. लघवीच्या जागी, पुढच्या कातडीला सूज आली. लालबुंद, खाज, आग, कातडी मागे सरकेना. मला वाटलं, घामानं झालं असेल. मग काय, उठसूट साबण लावून घासत बसलो, आणि आग आणखीच भडकली. स्वतःच्या पँटी उसवून इतक्या सैल केल्या की चालता तंबू दिसायला लागलो. बायकोला सांगायची लाज, डॉक्टरला सांगायची त्याहून जास्त. मनात एकच भीती, आता हे कापतात की काय! जन्मभर कात्री चालवली, पण कात्रीला एवढा कधी टरकलो नव्हतो.

शेवटी वहिनीनं पकडलं आणि दवाखान्यात नेऊन उभं केलं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं शांतपणे तपासलं आणि विचारलं, तहान फार लागते का, वजन उतरलंय का. रक्त तपासलं तर साखर वाढलेली! त्या साखरेमुळेच तिथं बुरशी धरली होती. कापाकापी काही नाही. मलम, साखर उतरवायच्या गोळ्या, साबण बंद, साध्या पाण्यानं धुवायचं आणि कोरडं ठेवायचं. थोड्या दिवसांत सगळं पहिल्यासारखं. आनंदाच्या भरात भर रस्त्यात वहिनीचा हात धरला, तर ती केवढी लाजली!

आता मुद्द्याचं. काल तुझी सून तुझ्या झाडून सगळ्या पँटी देऊन गेली. निरोप काय, तर पोट सुटलंय, पुढून चांगल्या सैल कर. लेका, एका पँटीत पट्टा तसाच राहिला होता. तो आवळायला तू नवं भोक पाडलंयस. पोट सुटलेला माणूस पट्टा आवळतो होय रे? सून सहज बोलून गेली, बाबा हल्ली बससुद्धा अवघडून बसून चालवतात, आणि पाण्याची बाटली काही पुरत नाही. ही तर सगळी माझीच लक्षणं! ढब्ब्या, मी एक टाका उसवणार नाही. उद्या रजा टाक, सकाळी न्यायला येतोय. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय, मित्र लाजाळू आहे म्हणून. पँटी सगळ्या माझ्याकडे आहेत, तेव्हा पळून कुठं जातोस तेच बघतो!

तुझाच,
शिंपी